टाकीचा नारळ

मंगळवार, संध्याकाळ

सकाळी कोल्हापुरात कॉलेजवर शिकवून आलो. अमेरिकेची घटना लिहिणाऱ्यांचं देवाबद्दल एकमत नव्हतं, तरी पदासाठी कुणाचा धर्म बघायचा नाही, एवढं त्यांनी लिहून ठेवलं. छान रंगला तास.

दुपारी गावात पाण्याच्या टाकीचं उद्घाटन. सरपंच माझी बायको, टाकी तिनेच खेटे घालून आणलेली. उपसरपंचांनी नारळ परस्पर स्वतःच फोडला. "वहिनी, तुम्ही बौद्ध. तुमच्यात चालत न्हाय की!" किती गोड बोलले! टाळ्या मीही वाजवल्या. का वाजवल्या?

त्या नारळाचं खोबरं ओट्यावर तसंच पडलंय. शेवटी तिला विचारलं, "दिला असता, तर फोडला असतास?"

"न्हाय. पण नको म्हणायला तरी माझ्या हातात द्यायला पायजे हुता की."