हवेवर रंधा

अण्णा, तुमचा गुण्या काल मी एका माणसाच्या तोंडावर मारला. काटकोन बघायचा तो गुण्या, शिसवी दांड्याचा, पोलादी पात्याचा. तुम्ही गेल्यावर तुमच्या पेटीतून मी तेवढाच उचलला आणि कतारला घेऊन आलो. इथे रास लफानच्या एका वर्कशॉपमध्ये मी सुतार आहे. गॅसच्या कारखान्यांचे सुटे भाग दुरुस्तीला बाहेर जातात, त्यांना लाकडी खोकी लागतात, ती आम्ही करतो.

लाकूड तुम्हाला आवडलं असतं. उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखातला पाइन. तिकडे उन्हाळा आला म्हणेपर्यंत संपतो, झाड हळूहळू वाढतं, वलयं इतकी दाट की मोजताना डोळे दुखतात. खोकी तपासायला ऑफिसातून वसईच्या एक बाई येतात. परवा त्यांनी फळीवर बोट ठेवून विचारलं, "हे सगळं कुठून आलं, सांगा बघू? हवेतून! धुरातून जो कार्बन हवेत जातो, तो पानं ओढून घेतात, त्याचंच लाकूड होतं. जळेपर्यंत, कुजेपर्यंत तो आतच राहतो. ती जंगलं म्हणजे कोठारंच."

मी उजवा कान पुढे करून ऐकत होतो. डावा तुम्ही फोडलात.

सातवीत होतो. शाळेतून ऐकून आलो आणि तुम्ही अंगणात चौकट जुळवत होतात तिथे उभा राहून म्हणालो, झाड मातीनं नाही, हवेनं वाढतं. तुम्ही हसलात. "हवेवर रंधा मारता येतो व्हय रं?" मी म्हणालो, गुरुजी खरं सांगतात, तुम्हाला काय कळतं. गुण्या तुमच्या हातातच असतो. पहिला फटका कानावर बसतो, दुसराही तिथेच, मग मी मोजत नाही. आई मध्ये पडते, तिला तुम्ही असं ढकलता की ती उंबऱ्यावर आपटते. आठवडाभर कानातून रक्त आणि पू. गुरुजींना मी सांगितलं, चिंचेवरून पडलो. तुमचं नाव घेतलं नाही. तुम्ही एकदा 'चुकलो' म्हणाला असतात, तर मी ते उजव्या कानाने ऐकलं असतं.

माझा जोडीदार नांदेडकडचा. नऊ वर्षं आम्ही एका खोलीत राहतो, एका डब्यातलं खातो. काल चहाच्या वेळी बाईंचं बोलणं मी त्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं. इतक्या वर्षांनी मी खरा ठरलो होतो, कुणाला तरी सांगायचं होतं. तो खो खो हसला. "हवेवर रंधा मारायलास व्हय? येड्या, लाकूड मातीतून येतंय!"

शब्दही तेच, अण्णा. पातं त्याच्या गालात घुसलं. तो भुशात पडला आणि मी वाकून पुन्हा मारला, आणखी एकदा मारला. भुसा लाल झाला. दोघांनी मला मागून धरलं नसतं तर थांबलो नसतो. आणि मारताना बरं वाटत होतं. तुम्हालाही वाटायचं का?

क्लिनिकमध्ये सुपरवायझरने विचारलं, "क्या हुआ?" गालाला टाके पडलेले असताना तो म्हणाला, "फली गिरी, सर. खलास." धरणारे दोघेही गप्प राहिले. नाहीतर आज माझी रवानगी झाली असती.

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही. माझ्या पेटीत गुण्याखाली ठेवून देईन. खरं तर ज्याला सांगायचं तो पलीकडच्या खाटेवर पडलाय.

आज सकाळी कंपनीच्या बसमध्ये तो नेहमीसारखा माझ्या उजव्या बाजूला येऊन बसला. डावीकडून मला ऐकू येत नाही, हे त्याला माहीत आहे. अर्धा चेहरा पट्टीत होता. "लई ठणकायलंय," तो हळूच म्हणाला. मला स्पष्ट ऐकू आलं. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.