पोस्टाच्या भिंतीवरचा कवडसा

३ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
नवं ऑइल पेंटिंग सुरू. विषय : समोरचं जुनं पोस्ट ऑफिस. कौलं उन्हात, कमानीखालची भिंत सावलीत आणि त्या सावलीत मधोमध एक पिवळाधमक कवडसा. साडेआठला येतो, दहाला जातो. इतकी वर्षं हा कोणाला दिसला? मला. बायकोला दाखवला. हसली आणि भाजी परतायला गेली. कलेतलं तिला ओ की ठो कळत नाही.
संकल्प : वीस तारखेच्या आत पूर्ण.

७ फेब्रुवारी
कौलं झाली, कमान झाली. कवडसा शेवटी. घाईचं काम नाही ते.
हिला सकाळपासून धाप. दुपारी मुलगी येऊन दवाखान्यात घेऊन गेली. मीही जाणारच होतो, पण पॅलेटवर रंग काढून ठेवलेले.

८ फेब्रुवारी
भेटीची वेळ नऊ ते अकरा. नेमकी माझ्या उन्हाची. कलाकाराचा विचार कोणी करतं का? मुलीला म्हटलं, उद्या येतो.
आज कवडसा आला नाही. ढग असावेत.

९ फेब्रुवारी
आकाश स्वच्छ. कवडसा नाही. खालच्या शिंप्याला विचारलं. म्हणाला, कसला कवडसा? अशा लोकांत राहून चित्रं काढतो मी.

११ फेब्रुवारी
सूर्य सरकला असणार. परत येईल.
मेहुणीचा फोन. ताई रोज दाराकडे बघत असते म्हणाली, आणखीही बरंच बोलली. सांगितलं, एकदा कवडसा साधला की चित्र घेऊनच येतो. तिलाच तर दाखवायचंय.

१३ फेब्रुवारी
मुलगी म्हणाली, आई विचारतेय, स्वयंपाकघराची खिडकी रोज उघडता ना? नाकाला ऑक्सिजन आणि चिंता खिडकीची! निरोप धाडला : निर्धास्त राहा, घट्ट बंद आहे, ओल्या रंगावर धूळ बसते. ऐकून खूप हसली म्हणे. मग खोकल्याची उबळ आली.

१५ फेब्रुवारी, सकाळी ८.००
कवडसा गेला खड्ड्यात. आज जातो.
८.४० बूट घातले.
९.०५ भिंत जरा उजळल्यासारखी वाटतेय. दहाच मिनिटं.
१०.५० भास होता. उद्या नक्की.

१६ फेब्रुवारी
पहाटे गेली.

२४ फेब्रुवारी
मुलगी सकाळी स्वयंपाकघरात गेली. खिडकीच्या कडीला निळ्या लोकरीचा दोरा होता, दोऱ्याला गाठ. मी कधी पाहिला नव्हता. तिनं खिडकी गाठीपर्यंत उघडली, दोरा खिळ्याला अडकवला आणि मला बाहेर बघायला सांगितलं.
पोस्टाच्या भिंतीवर कवडसा. आमच्याच काचेवरून गेलेला.
म्हणाली, तुमच्या टर्पेंटाइनचा वास जावा म्हणून आई रोज खिडकी उघडायची. तुम्ही कवडसा दाखवलात, त्या दिवशी तिनं ही गाठ मारली. काच हलली की ऊन हलतं ना. शेवटच्या दिवशी मला सगळं सांगितलं. तुम्हाला आधीच का नाही सांगितलं, असं मी विचारलं, तर म्हणाली, त्यांना वाटतंय ना त्यांनी शोधलाय, मग राहू दे.
फार चुकलं माझं.
मुलगी म्हणाली, बाबा, काढा आता, ऊन आहे तोवर. ब्रश हातात घेऊन बसलो. भिंतीकडे बघवेना. दहाला कवडसा गेला.
दवाखान्यात अकरापर्यंत भेटू देतात. आज मी मोकळा होतो.