लॉर्ड पेंबर्टनची माफी

नेपरव्हिल,
१४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. चैत्रालीस,
मालिनीमावशीचे आशीर्वाद. (द्यायची पद्धत आहे म्हणून दिले.)

फॅमिली ग्रुपमधून मी बाहेर पडले आहे आणि तुझा फोन उचलणार नाही, म्हणून हे पत्र.

तुझा नवरा कुस्त्या खेळतो, त्याही आधी ठरवलेल्या, हे मी लग्नाच्या वेळीच पोटात घातलं. इंग्लंडचा मुलगा, नाव टॉबी, पण अमेरिकेत गावोगाव रिंगमध्ये उतरून ‘लॉर्ड पेंबर्टन’ म्हणून मिरवतो. बरं, मिरवू दे. काल जोलिएटला, आमच्यापासून अर्ध्या तासावर, त्याची मॅच होती. आपला जावई, आपणच नाही गेलो तर कोण जाणार, म्हणून इथल्या मराठी मंडळाचं अख्खं ढोल-ताशा पथक घेऊन गेले. आत जाऊन बघते तर सगळा हॉल त्याची हुर्यो उडवतोय, घरी जा म्हणून ओरडतोय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पोरांना म्हटलं, वाजवा. असे वाजवले की ओरडणारे लोकसुद्धा ठेका धरून त्याच्यासाठी टाळ्या पिटायला लागले.

त्याची परतफेड काय, तर माझ्याकडे बोट दाखवून, माईकवरून, तुझ्याकडून शिकलेल्या मोडक्यातोडक्या मराठीत त्याने जाहीर केलं की या बाईचे उकडीचे मोदक फ्रोझन असतात, ही दुकानातून आणते आणि गणपतीला सांगते मी केले. मग तेच इंग्रजीत, कुणी राहायला नको म्हणून! गणपतीत बर्फ आणायला त्याला गॅरेजच्या फ्रीझरकडे मीच पाठवलं होतं. तिथली खोकी बघून, कुणाला सांगणार नाही, असं म्हणाला होता. काल सगळं पथक माझ्याकडे बघत राहिलं. शरयू तर हसत होती. मंडळात माझ्या मोदकांवर सगळ्यात जास्त तीच जळते.

दिवाळीच्या कार्यक्रमात, स्टेजवर, सगळ्यांसमोर त्याने माफी मागायची. त्याशिवाय माझ्या घराची पायरी चढायची नाही. तुझे प्रल्हादकाका म्हणतात सोडून दे. मी सोडणार नाही.

लोभ होता. सध्या बंद आहे.
मालिनीमावशी


ट्रॉय,
२० सप्टेंबर २०२५

ति. सौ. मावशीस,
चैत्रालीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझा राग पोचला. आता माझा घे.

तुला कितीदा सांगितलं होतं की टॉबी व्हिलन आहे! लोकांनी त्याची हुर्यो उडवावी, हेच त्याचं काम. कोण जिंकणार ते आधी ठरतं गं, पण लोक चिडतील की नाही ते कुणालाच ठरवता येत नाही. ते त्याला दर वेळी नव्याने कमवावं लागतं. ग्रिम्सबीच्या मासळीबाजारातल्या हमालाचा हा मुलगा. तिकडे समुद्रकाठच्या सुट्टीच्या कॅम्पांमध्ये पडून-आपटून शिकला. इथे आल्यावर स्वतःच रिंग उभारायची, लढायचं, रिंग मोडून ट्रकमध्ये भरायची आणि मैलोन् मैल ड्राइव्ह करून घरी यायचं. तो लॉर्डचा आवाजसुद्धा टीव्ही बघून घोटलाय, त्याच्या सख्ख्या आईला तो समजत नाही. मान इतकी दुखते की हल्ली कुणी मागून हाक मारली तर सगळाच्या सगळा वळतो. आता नाही तर कधीच नाही, अशी वेळ आली होती.

आणि नेमका त्या दिवशी टीव्हीवर कुस्त्या दाखवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा माणूस एकच गोष्ट बघायला आला होता: लोक याचा मनापासून राग करतात का. तेव्हा तू ढोल घेऊन आलीस! लोक टाळ्या वाजवायला लागले आणि मी खुर्चीत डोळे मिटून बसले. तू खरीखुरी चिडलीस तरच पथक थांबेल, आणि एका मावशीचा पाणउतारा करणारा माणूस हॉललाही सहन होणार नाही, एवढंच त्याला त्या घटकेला सुचलं. तसंच झालं. तुझा चेहरा बघून लोक खुर्च्यांवर उभे राहून त्याच्या नावाने ओरडले. कंपनीने त्याला जानेवारीपासून घेतलंय. त्याची ओळख करून देताना तीच क्लिप दाखवणार आहेत.

गाडीत तो रडला, मावशी. म्हणाला की आजवर त्याच्यासाठी कुणी वाजतगाजत आलं नव्हतं, आणि जी आली तिचंच त्याने नाक कापलं. तो तुझ्या घरी येऊन पाया पडेल, तू म्हणशील तितक्या वेळा. पण चारचौघांत नको. व्हिलन हात जोडताना दिसला की लोकांचा राग जातो आणि त्याचं काम संपतं. एवढं तू समजून घ्यायला हवंस.

लोभ माझ्याकडून चालू आहे, पण फार ताणू नकोस.
चैत्राली


नेपरव्हिल,
२ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. चैत्रालीस,
दसरा आहे म्हणून आशीर्वाद.

म्हणजे त्याची नोकरी माझ्या कापलेल्या नाकावर उभी राहणार! वा! शरयूने परवा सगळ्यांदेखत मला विचारलं की मोदकांचा ब्रँड कुठला, तिलाही सोपं पडेल. तुझे काका ती क्लिप आवाज मोठा करून बघतात आणि मी खोलीत आले की क्रिकेट लावतात. मंडळ सुरू झालं तेव्हापासून मी इथे राबतेय आणि आता माझी ओळख काय, तर फ्रोझनवाली. गुडघ्यांमुळे मला ओट्याशी उभं राहून उकड मळवत नाही, हे जगाला कळायची काही गरज होती का? मला स्वतःलाच ते कबूल करायचं नव्हतं.

माफी स्टेजवर. दुसरं काही मी ऐकून घेणार नाही.

लोभाचा विषय काढू नये.
मालिनीमावशी


ट्रॉय,
१२ ऑक्टोबर २०२५

ति. सौ. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

जिंकलीस. टॉबी २५ तारखेला येतोय आणि स्टेजवर माफी मागणार आहे.

मी त्याच्याशी भांडले. कंपनीच्या लोकांनी फोन करून बजावलं की कुणी तरी ते शूट करणार, पसरवणार, आणि मग जानेवारीचं त्यांना पुन्हा बघावं लागेल. त्याचं म्हणणं एकच, की काम दुसरं मिळेल, मावशी दुसरी मिळणार नाही. इतकी वर्षं हाडं मोडून घेतली त्याने, आणि ती तुझ्या मोदकांपायी वाया जाणार. तुझं समाधान होवो.

लोभ असावा, असं या वेळी मला लिहवत नाही.
चैत्राली


नेपरव्हिल,
२६ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. चैत्रालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल पार्किंगमध्ये मला जे बोललीस ते पुन्हा बोलायची हिंमत करू नकोस. म्हणे माफी मागायला आलेल्या माणसाला मी हाकललं, म्हणे मला काळीज नाही. एवढी शिकलीस आणि इतकं साधं दिसलं नाही तुला?

मी पैठणी नेसून पहिल्या रांगेत माफी ऐकायलाच बसले होते, खोटं कशाला सांगू. मग तो आला. कुर्ता घातलेला, मान एका हाताने सावरत एकेक पायरी चढत होता. वर पोचल्यावर त्याने हात जोडले आणि त्याचे ओठ थरथरायला लागले. लॉर्डबिर्ड काही उरलं नव्हतं, ग्रिम्सबीचं एक दमलेलं पोरगं होतं नुसतं. मागे वळून बघते तर सगळ्यांचे फोन वर! शरयूचा सगळ्यात वर. मेल्यांना त्याचा तो चेहरा हवा होता. असा संताप आला मला, की गुडघे विसरून मी स्टेजवर चढले, माईक ओढून घेतला आणि सांगितलं की असल्या उद्धट माणसाची माफी मला नको, याला आधी बाहेर काढा. पथकाच्या पोरांनी दंड धरून बाहेर काढलं. सभागृहाने अशी हुर्यो उडवली की जोलिएट त्यापुढे काहीच नाही. दारात त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग नाक वर करून लॉर्डसारखा चालता झाला. त्याला कळलं गं. बायकोला कळलं नाही! काकांनी तुमच्या गाडीत ठेवलेला डबा उघडला असशील तर चकल्या त्याला दे, त्याच्यासाठीच केल्यात.

आता नीट ऐक. टीव्हीवर त्याला माझ्याबद्दल हवं ते बोलू दे. असा जावई वैऱ्यालाही मिळू नये, असं मीही मंडळभर सांगत सुटणार आहे. माफी त्याने मागायची ती कुस्ती सोडेल त्या दिवशी, त्याच्या आधी खबरदार! तोवर त्याने मान सांभाळायची आणि मी गुडघे. तो दिवस बघायला मला जगावंच लागणार.

लोभ पुष्कळ आहे. चारचौघांत मात्र दिसता कामा नये.

तुझी,
मालिनीमावशी