बाईंच्या होड्या

बाई, प्रदर्शनातल्या तुमच्या चित्राला हात लावला तो मीच.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. मुंबईत चित्रकला शिकून मी रत्नागिरीला परतले होते आणि दर रविवारी तुमच्याबरोबर एसटीने पूर्णगडला यायचे. सहा दिवस शाळेच्या फळ्यावर फुलदाण्या काढणाऱ्या तुम्ही सातव्या दिवशी खाडीकाठी बसून घाईघाईने रंग लावताय. "त्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचं तरी वेगळं काय होतं गो?" तुम्ही म्हणता. "ट्यूबमध्ये रंग मिळायला लागले, आगगाडी आली, सुट्टीला माणसं नदीवर जायला लागली. शहर डोळ्यांदेखत बदलत होतं. आज दिसतंय ते उद्या नसेल, ही धास्ती. म्हणून घाई." तुमचे यजमान बोटीवर, वर्षातून महिनाभर घरी. ती धास्ती तुम्ही पुस्तकातून घेतली नव्हती, हे मला तेव्हा कळलं नाही.

जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी तुम्ही होड्यांचं चित्र माझ्याकडे दिलंत. "तूच नेऊन दे, मला शाळा आहे." घरी ते भिंतीला टेकवून मी बघत बसले. होड्यांना कडा नाहीत, सावल्या जांभळ्या. परीक्षक माझ्या ओळखीचे. ते हसतील, आणि या माझ्या बाई म्हणून मलाही हसतील. मी ब्रश घेतला. कडा रेखल्या, सावल्यांवर तपकिरी चढवला, एका होडीला शीडसुद्धा दिलं.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. तुम्ही चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिलात. मग हळूच विचारलंत, "छान आहे. कोणाचं गो?"

खाली चिठ्ठीवर तुमचंच नाव होतं. मी म्हटलं, "तुमचंच की, बाई." तुम्ही मान हलवलीत आणि नाव पुकारल्यावर बक्षीस घेऊन आलात. पुढच्या रविवारी मी स्टँडवर थांबले. तुम्ही आला नाहीत. नंतर भेटलात तेव्हा म्हणालात, गुडघे दुखतात. पुन्हा तुम्ही ब्रश धरल्याचं कुणी सांगितलं नाही.

आता तेच इम्प्रेशनिस्ट मी कॉलेजात शिकवते, बराचसा तुमच्याच शब्दांत. पॅरिसच्या परीक्षकांनी ही चित्रं अर्धवट म्हणून नाकारली, असं सांगितलं की मुलं त्या परीक्षकांना हसतात. मीही हसते. त्यांनी निदान चित्रं होती तशी परत दिली, हे वाक्य दर वर्षी ओठांवर येतं आणि मी वहीचं पान उलटते.

हे पत्र टाकायला आता पत्ता नाही, असं म्हणणं सोपं आहे. पण तुम्ही होतात तेव्हा तुमचं घर माझ्या रोजच्या वाटेवर होतं, बाई. तुम्ही जाईपर्यंत सात वर्षं मी लांबच्या रस्त्याने जात होते.