नमस्काराची खूण

मास्तर,

ज्याच्या कृपेवाचून मुक्याला वाचा नाही आणि बोलक्याला मौन साधत नाही, त्या श्रीहरीच्या चरणी आधी मस्तक ठेवतो आणि मग तुमच्याशी बोलतो. आता माझे वय तुमच्याहून अधिक झाले आहे. तरी तुम्हांला लिहायला बसलो की पाठ आपोआप ताठ होते. मी तुमच्या घरी शिष्य म्हणून आलो, तो शिकायला नव्हे. वऱ्हाडात तेव्हा गोऱ्या सरकारचा अंमल होता, आणि अकोल्याचे एक मास्तर पोथी सांगता सांगता फरारी तरुणांना आसरा देतात, असा सरकारला संशय होता. मी अमरावतीच्या गुप्त पोलिसांत होतो. मला संस्कृत येत होते, म्हणून माझी निवड झाली. तुमच्यावर नजर ठेवायची आणि वेळ आली की तुम्हांला धरून द्यायचे, एवढेच माझे काम.

आजही डोळे मिटले की तुमचे स्वयंपाकघर दिसते. गुरुपत्नी, आमच्या बाई, भाकर थापत आहेत, तुम्ही पाटावर बसून मला श्लोकाचा अर्थ लावायला सांगत आहात. मी मधेच विचारतो, "काल आलेले पाहुणे कुठले?" बाई तव्यावरची नजर न काढता म्हणतात, "हे पोट्टं लय इचारते बाप्पा! पोलिसाच्या घरचं हाय काय?" माझ्या घशात घास अडकतो. तुम्ही पाण्याचा तांब्या पुढे सरकवता. "इचारू दे वं. इचारल्याबिगर त्याले येईन कसं?" आणि मग माझ्याकडे वळून, "पन श्लोक सोडून पाहुन्याईकडं काहून पाहून राहिला? अर्थ सांग आधी." तुमची कडक बोलणी मी तेवढीच खाल्ली. पुढे मला हिवताप आला, तेव्हा तुम्ही स्वतःची शाल माझ्या अंगावर घातलीत आणि ती परत घेतली नाहीत. माझे वडील माझ्या लहानपणीच गेले होते. उशाशी बसलेला पुरुष मी तेव्हा प्रथमच पाहिला. त्यानंतर मी अमरावतीस जे कळवत गेलो, त्यात पोथीखेरीज काही नव्हते. तरी वॉरंट निघालेच.

अमरावतीच्या आमच्या देशी साहेबाने तुम्हांला धरायला नामसप्ताहातला दिवस निवडला, कारण त्या दिवसांत तुम्ही देऊळ सोडीत नसा. अकोल्याचे शिपाई तुमचेच जुने विद्यार्थी. त्यांच्यावर त्याचा भरवसा नव्हता. तो स्वतः साध्या कपड्यांत येऊन खांबाला टेकून बसला. त्याने तुम्हांला कधी पाहिले नव्हते. आमची खूण ठरली होती, ज्याच्या मी पायां पडेन तोच मास्तर. खूण कबूल करताना आपल्याच सप्ताहाची रीत माझ्या ध्यानात आली नाही! वीणा सातही दिवस भुईवर टेकवायची नसते. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, आणि घेणाऱ्या-देणाऱ्याने एकमेकांच्या पायां पडायचे. त्या दुपारी वीणा तुमच्या गळ्यात होती आणि पुढची पाळी माझी होती.

तुम्ही हाक मारता, "ये रे बाप्पा, हात भरून आले माहे." आलो की पायां पडावे लागणार, आणि साहेब तुम्हांला धरणार. ज्या सरकारचे मीठ खातो त्याला फसवू नये, हे शास्त्र मला पाठ. गुरुद्रोहाला प्रायश्चित्त नाही, हेही त्याच शास्त्रात. मग श्रीहरीने बुद्धी दिली. मी रांगेतल्या पहिल्या टाळकऱ्याच्या पायां पडलो. मग दुसऱ्याच्या. मग मृदंगवाल्याच्या, पाणी वाटणाऱ्याच्या, चपला राखणाऱ्या म्हातारबांच्या. "अगा माय, पोराले भाव चढला!" असे कोणी म्हणाले, आणि ज्याच्या त्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. माणसे माझ्या पायां पडू लागली, मग एकमेकांच्या. सगळे देऊळ वाकून उठत होते. साहेबाच्याही पायां दोघेजण पडले. त्या गर्दीत मी तुमच्यापर्यंत पोहोचलो आणि तुमच्याही पायां पडलो. तुम्ही माझ्या गळ्यात वीणा घातलीत आणि कानाशी म्हणालात, "आता तुले हालता येत नाही. अन् मले जाता येते."

तुम्ही सारे जाणून होतात, हे मला तेव्हा कळले. तुम्ही मागच्या दाराने गेलात. साहेब जवळ येऊन दात खात कुजबुजला, "अबे, सबके पाँव पड़ गया! आदमी कौनसा है?" मी नाम घेत राहिलो. वीणा गळ्यात असता दुसरे बोलू नये, अशी रीत आहे.

त्यानंतर आपली भेट झाली नाही. अंजनगावाकडे तुम्ही तापाने वारलात, हे पुढे बाईंनी सांगितले. मी नोकरी सोडली होती. त्या दुपारपासून लोक मला थोर भाविक म्हणतात, आणि ते मी आजवर ऐकून घेतले. मास्तर, तुम्हांला म्हणून सांगतो, त्या सगळ्या नमस्कारांत खरा एकच होता, आणि तो सरकारच्या हुकमाप्रमाणेच घडला.

हे पत्र टपालात पडायचे नाही. पण पुढेमागे ज्याच्या हाती लागेल, त्याच्या उशाशी आजारपणात कोणी तरी बसो, त्याचे मस्तक योग्य चरणी टेको, आणि श्रीहरी त्याचे सर्व प्रकारे कल्याण करो.