आसनाचा हेवा

प्रिय पंचफुला,

जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

आधी सगळ्यांची खुशाली कळव. सुलाबाई विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, खाली बसून भाकरी थापायचा हट्ट सोडा, सून आहे, लेक आहे, जरा हुकूम करायला शिका. भगवानराव व्याह्यांचा दमा भादव्यात उठतो, तो या वर्षी दबून आहे ना? तुझ्या भावाचा पाय मुरगळला होता, तो आता टेकतो का? वहिनीचं बाळ पालथं पडू लागलं असेल. आणि तू? चष्म्यानं डोकं दुखायचं थांबलं का, का अजून कपाळाला फडकं बांधून वाचतेस? इकडं तुझे मामाजी बरे आहेत. मूग तोडून कंबर धरली आहे, पण मला बोल लावायचा म्हटलं की ताठ उभे राहतात. शेळी व्याली. दोन्ही पाटीच झाल्या, बोकड एकही नाही. मी बरी आहे असं लिहिणार होते, पण पुढचं वाचून तूच ठरव.

तुझं पत्र मिळालं. जिंतूरच्या शाळेत मास्तरीण म्हणून घ्यायला तयार आहेत, दिवाळीनंतर रुजू व्हायचं, नागनाथही जिंतूर आगारातच कंडक्टर असल्यामुळं तिथं खोली करून राहता येईल, असं लिहिलंस. आणि खाली लिहिलंस, आत्याबाई, तुम्ही म्हणाल तसं. चांगलं-वाईट तुम्हाला जास्त कळतं. बाई गं, हे वाक्य वाचून मी पत्र पदराखाली घेतलं, जणू कुणी बघितलं तर माझी चोरी उघडी पडेल. हो का नाही ते मी सांगणार आहे, पण आधी माझं मन तुझ्यापुढं झटकून काढते. जे निघेल ते निघेल.

तुला ठाऊक आहे, मी शाळेची पायरी चढले नाही. नागनाथ पहिलीत होता, तो पाटीवर गिरवायचा आणि मी त्याच्या पाठीमागून बघत चुलीपुढच्या राखेत बोटानं गिरवायची. त्याचा धडा पाठ व्हायच्या आत माझा व्हायचा. पुढं विहार झालं, आणि आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात ग्रंथ वाचायला कुणी पाहिजे, तर बापयांचे डोळे एकमेकांकडं. कुणाला शेत, कुणाला लाज. मी म्हटलं, मी वाचते. तेव्हापासून ते आसन माझं. पांढरं लुगडं नेसायचं, मेणबत्ती लावायची, त्रिशरण-पंचशील घ्यायचं आणि वाचायचं. माझं वाचून झालं की सगळ्यांनी मिळून तीनदा साधु म्हणायचं. त्या तीन साधूंवर मी वर्षभर जगायची, पंचफुला. दुसऱ्याच्या रानात खुरपताना मुकादम काहीही बोलो, मला वाटायचं, बोल बाबा, संध्याकाळी मी आसनावर आहे.

मग या आषाढात माझा घसा बसला. मीच म्हटलं, आज सूनबाई वाचेल. तू वाचलंस, छान वाचलंस, आणि पोथी मिटून उठायचं सोडून बायांना विचारलंस, चांगलं काम म्हणजे काय? ज्याचा हेतू चांगला ते, का ज्याचा परिणाम चांगला ते? कॉलेजात नीतिशास्त्र शिकलेली तू, मला वाटलं आता या बाया जांभया देतील. मनातल्या मनात मी वाट बघत होते जांभयांची! तर तू कडूबाईलाच धरलंस. तिनं दगडाबाईच्या नातवाला मायेनं एरंडेल पाजलं आणि पोरगं दिवसभर लोटा घेऊन पळत राहिलं. मग कडूबाईचं काम चांगलं का वाईट? दगडाबाई म्हणाली, वाईट, लय वाईट, माझ्या नातवाला इचारा. कडूबाई उसळली, अगं पण पोट साफ झालं का न्हाई त्याचं! विहारात एवढं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. मी वाचताना कुणी हसत नसे. मला वाटायचं, तो माझा मान आहे.

त्यानंतर माझा घसा मोकळा झाला, पण आसन मोकळं झालं नाही. मी पोथी उघडून बसले की दगडाबाई विचारायची, सूनबाई न्हाई व्हय आज? वरच्या आळीची मालनबाई, माझ्या इतक्या वर्षांच्या वाचनाला जी कधी उतार उतरून आली नाही, ती पदर सावरत दाराशी येऊन बसली, आणि कुणासाठी, तर तुझ्यासाठी. हापशावर पाणी भरताना बाया तुझंच बोलायच्या. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागेपर्यंत पदवीचा कागद घेणार नाही म्हणालीस, तेव्हा ती गोष्ट गावभर मीच सांगितली होती. छाती भरून सांगितली होती. आता तीच गोष्ट कडूबाईनं मला ऐकवली की मी म्हणायची, भर गं घागर, लाईन लागली मागं.

तुझा भाऊ तुला न्यायला आला, विहीणबाईंचा गुडघा धरलाय म्हणून, तो दिवस आठव. तू घुटमळत होतीस. वर्षावास अर्धा राहिलाय, आत्याबाई, दोन-चार दिवसांत येते, म्हणालीस. आणि मी काय म्हणाले? घाई करू नको, आईला बरं वाटेपर्यंत राहा, इथलं मी बघते. तुला शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, लुगड्याची घडी दिली, फाट्यापर्यंत पोचवायला आले. देवगाव फाट्यावर जिंतूरची गाडी लागली, तू पाया पडलीस, डोळे पुसलेस. शेजारच्या बाया म्हणाल्या, सासू असावी तर अशी. गाडी हलली आणि माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? आज संध्याकाळी मी वाचणार.

वाचलं. मस्त वाचलं. कुणी प्रश्न विचारला नाही, सगळ्यांनी साधु म्हटलं, आणि मला गोड झोप लागली. हे खोटं कशाला लिहू? चार-आठ दिवस मी राणीसारखी होते. मालनबाई यायची थांबली, तरी मी म्हटलं, आली नाही तर नाही. पण तुझं ते निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक कोनाड्यात राहिलं होतं. दुपारी भांडी झाली की मी ते उघडायला लागले. म्हटलं, बघू तरी, ही कुठून आणते एवढं. अर्धं समजेना, पण उरलेलं अर्धं अंगावर आलं. एके ठिकाणी लिहिलंय, जास्तीत जास्त माणसांचं जास्तीत जास्त सुख ज्यात ते चांगलं. मी लगेच विहारातल्या बाया डोळ्यांपुढं आणल्या. या मापानं मला उठावं लागत होतं! पान उलटलं. पुढं हेतूचं लिहिलेलं. म्हटलं, हे आपल्या कामाचं, धम्मातही मनालाच पहिला मान आहे. आणि तिथंच माझा पाय चिखलात रुतला. तुला माहेरी धाडण्याचा परिणाम चांगला. विहीणबाईंना आराम, तुला आईचा सहवास. बोलणं चांगलं, चटणी चांगली. हेतू तेवढा नासका. मग माझं काम चांगलं का वाईट? मामाजींना विचारलं, म्हटलं, कुणी हेव्यापोटी दुसऱ्याचं भलं केलं तर काय म्हणावं? ते म्हणाले, भलं झालं ना, मग चहा कर. पुरुषांना नीतिशास्त्र सोपं जातं बाई.

परवा विहारात वाचून झालं, साधु झालं, आणि कडूबाई उठता उठता सगळ्यांच्या देखत म्हणाली, सरजाबाई, सुनेला कामून धाडलं एवढ्या लवकर? हेतू सांगा का परिणाम! बाया हसल्या. मीही हसले. आणि मेणबत्ती विझवायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

आणि इतक्यात तुझं पत्र आलं. आता तूच बघ मी कशी अडकले. नोकरी घे म्हणावं, तर लोक म्हणतील केवढं मोठं मन, सुनेला मास्तरीण केली. आणि आसन जन्मभर माझं. नको म्हणावं, तर मी सुनेची वाट अडवणारी सासू. बरं, नको म्हणावंसं वाटतंच नाही असंही नाही. कारण दुसरा एक हेवा आहे, तो पहिल्यापेक्षा मोठा निघाला. मला विहीणबाईंचा हेवा वाटतो. तू त्यांच्या गुडघ्याला तेल लावत असशील आणि लावता लावता त्यांना विचारत असशील, आई, चांगलं म्हणजे काय गं? भाकरी खाता खाता जे तू माझ्याशी वाद घालायचीस, ते आता त्यांच्या ताटापाशी चालत असेल. इथं मामाजी जेवतात आणि उठतात. जिंतूरला खोली झाली की तू त्यांच्या हाकेच्या अंतरावर, आणि मी फाट्यावर गाडीची वाट बघत. हे मनात आलं की वाटतं लिहावं, नोकरी-बिकरी काही नको, ये घरी. म्हणजे हो म्हटलं तरी माझा हेवा, नाही म्हटलं तरी माझाच.

म्हणून हे पत्र नागनाथच्या हाती न देता पोस्टात टाकते आहे, तो वाटेत फोडून वाचेल आणि आईला हसेल. माझं म्हणणं असं. नोकरी घे. पोरींना शिकव, कडूबाईला हसवलंस तसं त्यांना हसवून शिकव. पण नुसतं घे म्हटलं तर त्यात माझा फायदा चिकटून राहतो, तो खरडून काढायला मी काल विहारात उभी राहून सांगितलं, की आश्विन पौर्णिमेचा समारोप पंचफुला वाचेल, आणि पुढच्या आषाढापासून वाचन पाळीनं, मी एकटी नाही. तू लांब जाणार आणि आसनही जाणार. दोन्ही हातांतलं सोडल्यावर जे उरलं तेवढ्यालाच मी हो म्हणते. ते चांगलं का वाईट हे तुझ्या पुस्तकात मला सापडलं नाही. हेवा मात्र गेला असं समजू नको, हे लिहितानाही धुमसतो आहे. तेव्हा समारोपाला आलीस की एक कर. चांगलंच वाच, पण एखाद्या अवघड शब्दाशी थोडी अडखळ. मी खाली बायांत बसलेली असेन, तिथून हळूच सांगीन. एवढं म्हाताऱ्या सासूसाठी. येण्याचा दिवस ठरव आणि लगोलग दोन ओळी टाक; पोस्टमन दिसला की मी मुगाच्या शेंगा टाकून दारात येते, मामाजी चिडवतात.

तुझीच आत्याबाई,
सरजाबाई