पुलावरचा तास

३ ऑक्टोबर
सामान लागलं. निवृत्तीनंतर हे चिमुकलं पिवळं घर एकदाचं माझं झालं. खिडकीतून नदी दिसते, तिच्यावरचा लोखंडी पूल, आणि पलीकडे, दुसऱ्या देशात, ब्लांशताईच्या वृद्धाश्रमाचं लाल छप्पर. तिच्यासाठीच इथे आले. माझ्या हातच्या वाटाण्याच्या सुपाशिवाय ती काही खात नाही. रोज दुपारी पायी जायचं, भरवायचं, परतायचं.

५ ऑक्टोबर
शेजारची ओडील मेपलचा पाक घेऊन आली. पलीकडे आपल्यापेक्षा एक तास मागे. गावातला प्रत्येक जण पुलाच्या मध्यावर थांबून घड्याळाचे काटे फिरवतो, जाताना नि येताना, असं तिनं बजावलं. माझं घड्याळ शाळा सोडताना माझ्या शिक्षिका सिस्टर क्लोटिल्डनी स्वतः मनगटावर बांधलेलं. किल्ली देण्यापलीकडे मी त्याला कधी हात लावला नाही. रोज काटे फिरवायचे म्हणजे जिवावर येतं. ओडील म्हणाली, "मास्तरीणबाई, हट्ट वर्गात करायचा. पुलावर नाही."

८ ऑक्टोबर
नुसता वैताग. काटे मी फिरवत नाहीच. परतताना सरहद्दीच्या चौकीवरच्या गॅस्टननं अडवलं. "मादाम, तुम्ही तासाभरापूर्वीच परत आलात की." यंत्राची चूक असणार. अर्धा तास कागद भरले. घरी पोचले तर चूल कोमट. मी विझवून गेले होते.

९ ऑक्टोबर
पुन्हा तेच कागद, त्याच सह्या. तासापूर्वीच्या नोंदीतली सही मात्र माझीच, सिस्टरांनी घोटून घेतलेल्या वळणाची. ओडील विचारते, मघाशी खिडकीतून हात केलास, मग दार का उघडलं नाहीस?

१० ऑक्टोबर
आज मध्यावर थांबले. काटे फिरत नाहीत. नखं दुखेपर्यंत प्रयत्न केला. घरी मी न केलेलं सूप तयार होतं, माझ्याच पातेल्यात. ओतून दिलं.

११ ऑक्टोबर
जायला नको होतं. पण ताई उपाशी राहिली असती.
आता परत घेत नाहीत. घरात असलेल्या माणसाला पुन्हा आत कसं घेऊ, म्हणतो गॅस्टन. पलीकडचे म्हणतात, तुम्ही इकडे आल्याची नोंदच नाही. चौकीबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. घर इथून दिसतं. पन्नास पावलं—

दार उघडलं. माझा राखाडी कोट. हातात सुपाचा डबा.

गॅस्टननं तिला पाहून टोपीला हात लावला. ती माझ्या समोरून गेली. बघितलंसुद्धा नाही—

मध्यावर थांबली. काटे फिरवते आहे. तिचे फिरतात.

ताई, ती भरवेल ते—